परराज्यात शिकायला जाताना

उन्हाळा उतरणीला लागतो, बारावीचे निकाल हाती येतात, आणि आमच्या धंतोलीत घरोघरी एकच विषय सुरू होतो. मुलाला किंवा मुलीला पुढं कुठं पाठवायचं? धंतोली ही वकील-डॉक्टरांची जुनी वस्ती म्हणून ओळखली जाते. पण इथल्या दवाखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, औषधांच्या दुकानांत उभं राहून दिवस काढणारी माणसं, कचेऱ्यांतले कारकून, यांचीही मुलं शिकतात आणि चांगली शिकतात. अशाच घरातली आई किंवा वडील हातात गुणपत्रक घेऊन विचारतात, "सर, पोरगी हुशार आहे. तिकडे मेरिटवर फी माफ होऊन जाते म्हणतात. पाठवून देऊ का?"

श्रोतेहो, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. आधी उलट प्रश्न विचारावा लागतो. माफी देणार कोण? केंद्र सरकार, आपलं राज्य, ज्या राज्यात जायचं ते राज्य, की ती संस्था स्वतः? या चार थैल्या आहेत, आणि प्रत्येक थैलीची गाठ निराळी. कोणती थैली विद्यार्थ्याबरोबर राज्याची सीमा ओलांडते आणि कोणती सीमेवरच थांबते, हे ज्याला समजलं त्याचं निम्मं काम झालं. आजच्या भाषणात मी एवढंच सांगणार आहे.

नागपूरकराला परराज्य ही काही दूरची गोष्ट नाही. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. त्यापूर्वी इथल्या हिस्लॉप आणि मॉरिस कॉलेजांतले विद्यार्थी आधी कलकत्त्याच्या आणि मग अलाहाबादच्या विद्यापीठाच्या परीक्षा देत. पुढं १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत जबलपूर, रायपूर, छिंदवाडा आणि नागपूर ही सारी एकाच राज्यात होती आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि काल जे आपलं होतं ते आज बाहेरचं झालं. गाडीचं अंतर वाढलं नाही, पण प्रवेशाचे आणि फीचे कायदे बदलले. सौंसर-पांढुर्ण्याकडे आजही घराघरांत मराठी बोलतात. तिथल्या मुलाला नागपूर हे सर्वांत जवळचं मोठं शहर. पण प्रवेशाच्या अर्जावर तो परराज्यातला ठरतो.

बाहेरच्या विद्यार्थ्याकडून जादा फी घेणं हे न्यायाला धरून आहे का? हा प्रश्न फार पूर्वीच सर्वोच्च न्यायालयापुढं गेला होता, आणि तोही आपल्या शेजारच्याच इंदूर शहरातून. तिथल्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात त्या वेळच्या मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना नेहमीची फी, आणि बाहेरच्यांना तिच्यावर आणखी कॅपिटेशन फी, असा नियम होता. दिल्लीचे रहिवासी असलेल्या डी. पी. जोशी या विद्यार्थ्यानं त्याविरुद्ध दाद मागितली. जानेवारी १९५५ मध्ये निकाल लागला. जन्मस्थान ही एक गोष्ट आणि रहिवास ही दुसरी. रहिवासावरून फीमध्ये फरक केला तर घटनेच्या १५व्या कलमाचा भंग होत नाही, असं न्यायाधीशांच्या बहुमतानं ठरलं. यानंतर रहिवासाच्या प्रश्नावर बरेच निकाल झाले. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणातलं रहिवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. पण पदवीच्या शिक्षणात राज्यं आपापल्या रहिवाशांना झुकतं माप देतात, ते चालूच आहे. अमेरिकेतही राज्यांच्या विद्यापीठांत राज्यातल्या विद्यार्थ्याला एक दर आणि बाहेरच्याला त्याहून चढा दर असतो, आणि गुणवान बाहेरच्याला वरचा फरक माफ करण्याची पद्धत बऱ्याच विद्यापीठांत आहे. म्हणजे हा व्यवहार जगभरचा आहे. तो नीट समजून घ्यावा, हे उत्तम.

आता पहिली थैली, केंद्राची. केंद्राच्या संस्थांत फीचा दर राज्यावरून ठरत नाही. नागपूरच्या भोवती पाहा. इथं आपलं विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थान आहे, आणि भोपाळ, रायपूर, वरंगळ या तिन्ही ठिकाणी तशीच राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थानं आहेत. त्यांत बी.टेक.चं शिक्षणशुल्क वर्षाला १,२५,००० रुपये. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ. इतरांपैकी ज्यांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत आहे त्यांनाही पूर्ण माफ, आणि १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन-तृतीयांश माफ. आय.आय.टी.तही माफीच्या पायऱ्या याच. म्हणजे इथं गुणवत्ता जागा मिळवून देते, आणि माफी मिळते ती उत्पन्नाच्या दाखल्यावर. या दोन गोष्टींची गल्लत पुष्कळ घरांत होते.

हिशोब मांडून पाहू. खुल्या वर्गातला एक मुलगा रायपूरच्या संस्थानात गेला. घरचं उत्पन्न ४ लाख ९५ हजार. त्याला वर्षाला सुमारे ४१,६६७ रुपये भरावे लागतील. चार वर्षांचे १ लाख ६७ हजारांच्या आसपास. शेजारच्या घरचं उत्पन्न ५ लाख ५ हजार. त्या मुलाला तेच शिक्षण ५ लाखांना पडेल. उत्पन्नात फरक दहा हजारांचा, आणि फीत फरक तीन लाखांवर! म्हणून तहसीलदाराच्या दाखल्यावरचा आकडा अगदी बरोबर हवा. आई आणि वडील दोघांचं उत्पन्न त्यात धरलेलं असावं आणि ते खरं असावं. खोट्या दाखल्यावर मिळालेली माफी पुढं केव्हा अंगावर येईल याचा नेम नसतो, आणि शिक्षा भोगावी लागते ती मुलाला.

याच संस्थानांतली आणखी एक गोष्ट सांगतो, कारण आपल्याकडे ती फार उशिरा कळते. प्रत्येक राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थानात निम्म्या जागा त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणि निम्म्या बाहेरच्यांसाठी असतात. पण राज्य कोणतं धरायचं? जन्म कुठला, घर कुठं, हे तिथं पाहत नाहीत. बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण झाली, हे पाहतात. नागपुरात जन्मलेला, नागपुरात वाढलेला मुलगा अकरावी-बारावीला राजस्थानात कोट्याला गेला आणि तिथल्याच शाळेतून बारावी झाला, तर त्याचं राज्य राजस्थान ठरतं. मग घरापासून चार मैलांवरच्या आपल्या संस्थानात तो परराज्यातला विद्यार्थी होतो. कोट्याला जाऊ नये असं मी म्हणत नाही. पण हा विचार दहावीनंतर, गाडीत बसण्यापूर्वी व्हायला हवा. बारावीनंतर तो करून उपयोग नाही.

आता खऱ्या अर्थानं गुणवत्तेच्या म्हणाव्यात अशा केंद्राच्या दोन शिष्यवृत्त्या पाहू. पहिली, महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी असलेली केंद्रीय शिष्यवृत्ती. दरवर्षी देशभर ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, निम्म्या मुलींसाठी. त्या राज्याराज्यांच्या मंडळांत वाटलेल्या असतात, आणि विज्ञान, वाणिज्य, कला यांत त्यांचं प्रमाण ३ : २ : १ असं असतं. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये, आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम असेल तर चौथ्या वर्षी २०,००० रुपये. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असावं लागतं. नागपूर मंडळातून बारावी झालेली मुलगी बनारसला गेली काय किंवा हैदराबादला गेली काय, शिष्यवृत्ती तिच्याबरोबर जाते.

हिच्या अटीत एक शब्द आहे, तो नीट समजून घ्या. आपल्या मंडळात आणि आपल्या शाखेत विद्यार्थी ८० पर्सेंटाईलच्या वर असावा, असं त्यात म्हटलं आहे. पुष्कळ पालक याचा अर्थ ८० टक्के गुण असा घेतात. तो तसा नाही. शंभर मुलं एका रांगेत गुणांप्रमाणे उभी केली, तर ज्याच्या मागं निदान ऐंशी मुलं आहेत, तो ८० पर्सेंटाईलचा. एखाद्या वर्षी कला शाखेत ७० टक्के गुण मिळवणारी मुलगी त्या रेषेच्या वर असू शकते, आणि विज्ञानात ८० टक्के मिळवणारा मुलगा खाली राहू शकतो. तेव्हा आपल्याला ८० टक्के नाहीत म्हणून अर्जच करायचा नाही, असं करू नका. आपल्या मंडळाची, आपल्या शाखेची त्या वर्षीची रेषा कुठं आहे, ते पाहा.

दुसरी इन्स्पायर शिष्यवृत्ती. ही योजना २००८ सालची. आपल्या मंडळाच्या बारावीत वरच्या १ टक्क्यात जो आला आणि ज्यानं भौतिकी, रसायन, गणित, जीवशास्त्र अशा मूलभूत विज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम घेतला, त्याच्यासाठी ती आहे. वर्षाला ८०,००० रुपये. त्यांतले ६०,००० रोख आणि २०,००० उन्हाळ्यातल्या संशोधनकार्यासाठी. इथं घरचं उत्पन्न पाहत नाहीत. पण अभियांत्रिकीला किंवा वैद्यकाला गेलात की ही नाही. विज्ञानाची खरी ओढ असलेल्या, पण घरच्या परिस्थितीमुळं नाइलाजानं दुसरीकडे वळणाऱ्या मुलाला ही शिष्यवृत्ती मोठा आधार आहे. घरी त्याची गोष्ट निघायला हवी, ती क्वचितच निघते.

दुसरी थैली आपल्या राज्याची. ती बहुतांशी सीमेवर थांबते. आणि हाताशी काय आहे हे न पाहता जे बाहेर धावतात, त्यांचं नुकसान होतं ते इथंच. महाराष्ट्रात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या विद्यार्थ्याला, राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षणशुल्काचा निम्मा भाग त्यातून मिळतो. आणि ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ झालं. खासगी आणि अभिमत विद्यापीठं मात्र यात येत नाहीत. याखेरीज तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयांत मंजूर जागांवर ५ टक्क्यांपर्यंत जादा जागा शुल्कमाफीच्या असतात. त्याही ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नासाठी आणि गुणानुक्रमे भरल्या जातात. ती जागा घेतली की पुढं महाविद्यालय किंवा शाखा बदलता येत नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

आता ज्या बाईंनी मला विचारलं, "मुलीला पाठवून देऊ का?", त्यांच्या बाबतीत हाच विचार करायचा. मुलगी इतर मागास वर्गातली, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत. नागपुरातच अभियांत्रिकीची जागा मिळते आहे, आणि तिथं शिक्षणशुल्क शून्य. बाहेरच्या राज्यातली संस्था निम्मी फी माफ करते आहे. कागदावर ती गुणवत्तेची शिष्यवृत्ती म्हणून शोभून दिसते. पण उरलेली निम्मी फी, वसतिगृह, खानावळ आणि वर्षातून चार वेळा जाण्यायेण्याचं भाडं, हे सारं धरलं तर घरची पूर्ण माफी कितीतरी मोठी ठरते. बाहेरची संस्था खरोखर फार वरच्या दर्जाची असेल तर गोष्ट निराळी. मग कर्ज काढूनही जावं. नुसत्या 'मेरिट' या शब्दाच्या मोहानं जाऊ नये.

राज्याच्या थैलीतली एक गोष्ट मात्र सीमा ओलांडते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, आणि त्यांनी तिचा पाठपुरावा केला होता. तिचा नियम असा की विद्यार्थी देशात कुठंही शिकत असो, शिष्यवृत्ती देण्याची जबाबदारी तो ज्या राज्याचा कायम रहिवासी आहे त्या राज्याची. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. नागपूरच्या पोरानं भोपाळला प्रवेश घेतला म्हणजे हिच्यावर पाणी सोडावं लागतं, ही समजूत चुकीची आहे.

तिसरी थैली शेजारच्या राज्याची. ती तिथल्या रहिवाशांसाठी. मध्य प्रदेशात २०१७ पासून मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना आहे. बारावीत तिथल्या राज्य मंडळाचे ७० टक्के किंवा केंद्रीय मंडळाचे ८५ टक्के गुण असले, तर पुढच्या शिक्षणाची फी सरकार भरतं. पण विद्यार्थी मध्य प्रदेशचा रहिवासी हवा. तेव्हा आपल्या मुलाला तिथं तिचा लाभ नाही. उलट सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी मुलानं नागपूरला येण्यापूर्वी ही योजना नीट वाचावी, आणि आपली संस्था व अभ्यासक्रम तिच्यात बसतो का, हे विचारून घ्यावं. नागपुरात आल्यावर महाराष्ट्राच्या दारात उभं राहून ते पैसे मिळायचे नाहीत.

चौथी थैली संस्थेची, विशेषतः खासगी विद्यापीठांची. 'शंभर टक्के फी माफ' अशा मोठ्या अक्षरांतल्या जाहिराती आपण पाहतो. त्या खोट्याच असतात असं नाही. पण बारीक अक्षरं वाचायला हवीत. माफी शिक्षणशुल्काची की सगळ्याच फीची? एका वर्षाची की सगळ्या वर्षांची? दुसऱ्या वर्षी ती टिकवायला किती गुण लागतील? एका विषयात राहिलं तर काय? आणि हे सगळं प्रवेशपत्रात लिहून देणार का? तोंडी आश्वासनावर दुसऱ्या वर्षी कुणी उभं राहत नाही. मूळ कागदपत्रं संस्थेकडे ठेवून घेऊ देऊ नका. तसं करायला विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ सालीच मनाई केली आहे. त्यांनी पाहून परत द्यायची असतात.

शिष्यवृत्ती मिळवणं आणि ती टिकवणं, ही दोन कामं आहेत. मघाशी सांगितलेल्या केंद्रीय शिष्यवृत्तीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी वार्षिक परीक्षेत ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. शिवाय ती घेणाऱ्याला दुसरी शिष्यवृत्ती किंवा राज्याची फी-परतावा योजना घेता येत नाही. घरी कागदावर दोन्ही रकमांची बेरीज करून आनंद मानण्यात अर्थ नाही; कोणती अधिक, ते पाहून एकच धरावी. अर्ज ऑनलाइन भरला म्हणजेही काम संपत नाही. संस्थेनं तो पडताळून पुढं पाठवावा लागतो. माझ्या माहितीतल्या एका परिचारिकेच्या मुलीनं वेळेत अर्ज भरला, पण ती शिकत होती त्या बाहेरच्या महाविद्यालयात पडताळणी करणारं कुणी जागेवर नव्हतं. मुलीला कचेरी कुठं हेही ठाऊक नव्हतं. मुदत टळली आणि त्या वर्षाचे १२,००० रुपये गेले. तिच्या आईच्या पगारात ती रक्कम लहान नव्हती. मुलीनं ते वर्ष एक वेळच्या डब्यावर काढलं, हे आईला दिवाळीत कळलं.

अटींचं वजन थोरांनाही चुकलेलं नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, अशी शिष्यवृत्ती दिली. बदल्यात परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. मुदत संपली, आणि १९१७ साली लंडनमधला अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परत यावं लागलं. तो पुरा करायला ते पुन्हा गेले ते १९२० साली, स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज यांच्या बळावर. त्यांच्या बुद्धीबद्दल कुणाला शंका होती? पण मुदत म्हणजे मुदत. तेव्हा निदान महाराजांना भेटून अडचण सांगता येत होती. आज समोर नियम असतो आणि यंत्र असतं. यंत्राला तारीख समजते, अडचण समजत नाही.

म्हणून या महिन्यातच काय करावं, ते सांगून संपवतो. उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासाचा दाखला सेतू केंद्रात अर्ज करून काढून ठेवा. जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर लागत असेल तर त्याला सर्वांत आधी हात घाला, कारण वेळ तिथंच जातो. मुलाच्या नावानं बँकेत खातं हवं आणि ते आधारशी जोडलेलं हवं. गुणपत्रक, आधार आणि बँक या तिन्ही ठिकाणी नाव एका अक्षराच्याही फरकाशिवाय सारखं आहे का, ते पाहा. मग एका कोऱ्या कागदावर प्रत्येक संस्थेसमोर चार रकाने आखा: पैसे कोण देणार, किती वर्षं, कोणत्या अटीवर, आणि घरून किती लागणार. हा कागद मुलाला स्वतःच्या हातानं भरू द्या. बाहेरगावी कचेरीच्या खिडकीशी उद्या त्यालाच उभं राहायचं आहे. आणि पहिल्या वर्षी दिवाळीला घरी आला की गुणांच्या आधी एवढं विचारा, "अर्ज पुढं गेला का? आणि जेवतोस ना दोन्ही वेळ?"